काळी जीभ

2020 च्या जानेवारीत जबलपूरला भरलेल्या एका पशुमेळ्यात मी माझा कोंबडा घेऊन गेले होते. पाटनहून जबलपूर म्हणजे तासाभराचा रस्ता. थंडी कडाक्याची होती. दोन्ही बाजूंना मटाराची शेतं दवाने पांढरी झाली होती आणि गाडीत मागच्या सीटवर डालग्याखाली कडकनाथ अधूनमधून कुरकुरत होता. आदल्या दिवशी मी त्याचे पाय कोमट पाण्याने धुतले होते. तुऱ्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं होतं. एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईने कोंबड्याला तेल लावावं, याचं माझ्या मुलाला फार हसू आलं होतं.

पंच म्हणून आलेले पशुवैद्य तरुण होते. त्यांनी आधी कोंबड्याची चाल पाहिली. मग त्याला उचलून छातीवरच्या पिसांत फुंकर मारली आणि कातडीचा रंग पाहिला. तळपाय उलटे करून पाहिले. शेवटी अंगठ्याने चोच उघडली. जिभेचं टोक काळं होतं, मुळाशी मात्र ती गुलाबी होती.

"मैडम, ये क्रॉस है," ते शांतपणे म्हणाले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.

काळ्या जिभेच्या माणसाचं बोलणं खरं होतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या कोंबड्याची जीभ पुरेशी काळी नव्हती, तरी तिने सांगितलं ते खरंच होतं. त्याचा पुरावा घरी खुराड्यात होता आणि तो मी चार महिने पाहूनही पाहत नव्हते. परतताना मनात राग होता, पण त्याहून जास्त एक प्रश्न होता. जीभ काळी असेल तरच कोंबडा अस्सल, हे कधी ठरलं? कोणी ठरवलं? ज्यांनी हे पक्षी शतकानुशतकं सांभाळले, त्यांना कोणी विचारलं होतं का?

कोंबड्यांशी माझी ओळख बाबांमुळे. ते नागपूरचे. पशुवैद्यकीचं शिक्षण घ्यायला 1951 साली जबलपूरला आले. आज हे उलटं वाटेल, पण तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, जबलपूर त्याच राज्यातलं शहर होतं आणि तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 साली जबलपुरात सुरू झालं होतं. नागपूरला असं महाविद्यालय निघालं ते 1958 मध्ये. त्यामुळे मधल्या दहा वर्षांत वऱ्हाड-नागपूरकडची कितीतरी मराठी मुलं जबलपुरात गुरांच्या नाड्या बघायला शिकली. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ एकीकडे गेला आणि जबलपूर दुसरीकडे. काही परत गेले. बाबा राहिले आणि नोकरीच्या फेऱ्यांत शेवटी पाटनला स्थिरावले.

बाबांच्या वह्यांत कोंबड्यांवर बरंच काही आहे. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक मिनोर्का. प्रत्येकीचं वजन, अंड्यांचा रंग, वर्षाची अंडी. 'देशी' या शब्दापुढे मात्र एकच ओळ आहे : लहान अंगाची, कमी अंड्यांची, सुधारणेस पात्र. त्या काळातल्या विकासयोजनांमध्ये गावातले देशी कोंबडे काढून त्यांच्या जागी सुधारित विलायती कोंबडे द्यायची पद्धत होती. बाबांनी स्वतः असे कोंबडे सायकलला टोपल्या बांधून वाटले. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांच्या ताटात अंडं यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण झाबुआच्या काळ्या कोंबडीचं नाव त्यांच्या एकाही वहीत नाही, आणि ज्या राज्याच्या पश्चिम टोकाला ती होती, त्याच राज्यात ते आयुष्यभर नोकरी करत होते.

बाबांच्या यादीतल्या जातींची नावं बघितली की लक्षात येतं, त्या सगळ्या एका विशिष्ट काळात 'जाती' झाल्या. कोंबड्या त्याआधी हजारो वर्षं होत्याच. पण तुऱ्याला किती दाते असावेत, पायाचा रंग कोणता हवा, शेपूट किती अंशांत उभी असावी, हे लिहून ठेवायची आणि त्यावरून बक्षीस द्यायची रीत एकोणिसाव्या शतकातली आहे. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. झुंजीचे शौकीन मात्र होतेच. त्यांची हौस हळूहळू आखाड्यातून पिंजऱ्याकडे वळली. 1845 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच दशकात चीनकडून भल्याथोरल्या, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या आल्या. त्या राणी व्हिक्टोरियाच्या खुराड्यात पोचल्या आणि मग काय विचारता! अमेरिकेत 1849 साली बॉस्टनला प्रदर्शन झालं आणि तिथेही लोक कोंबड्यांमागे वेडे झाले. एकेका जोडीला घोड्याची किंमत येऊ लागली.

या वेडाचा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे जॉर्ज बर्नहॅम नावाचा अमेरिकन व्यापारी. त्याने 1852 साली करड्या रंगाच्या नऊ कोंबड्या थेट राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवल्या. राणीने आभार मानले, बातमी छापून आली आणि त्याच्याकडच्या बाकीच्या कोंबड्यांचे भाव चढले. तीन वर्षांनी त्याने याच सगळ्यावर एक विनोदी पुस्तक लिहिलं आणि लोकांना कसं चढवलं ते बिनदिक्कत सांगून टाकलं. त्या करड्या जातीचं नाव आज जगभर 'ब्रह्मा' आहे. ब्रह्मपुत्रेवरून ते पडलं. ही कोंबडी खरोखर ब्रह्मपुत्रेकाठची की चीनहून आलेल्या कोंबड्यांपासून अमेरिकेत तयार झालेली, यावर तेव्हापासून वाद झाले. ब्रह्मदेवाशी तिचा काही संबंध नाही. नदीच्या नावातला अर्धा भाग गळाला आणि कोंबडी देवाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, इतकंच.

1865 साली इंग्लंडमध्ये विल्यम टेगेटमायर याने संपादित केलेलं मानकांचं पहिलं पुस्तक निघालं. अमेरिकेचं 1874 मध्ये आलं. त्यानंतर अस्सल कोंबडी म्हणजे पुस्तकाशी जुळणारी कोंबडी, असा अर्थ रूढ झाला.

'अस्सल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून. त्याच मुळातून आणखी एक शब्द आला आणि तो थेट कोंबड्याला चिकटला : असील. उंच, ताठ मानेचा, पिसं अंगाशी घट्ट असलेला हा झुंजीचा कोंबडा भारतात नवाबांच्या दरबारापासून आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे होता. योहान झोफनी या चित्रकाराने 1780 च्या दशकात लखनौच्या एका झुंजीचं प्रसिद्ध चित्र काढलं. त्यात नवाब असफउद्दौला आहे, गोरे अधिकारी आहेत, आणि मधे दोन कोंबडे. असीलची अस्सलता लिहून ठेवलेली नव्हती. ती पाळणाऱ्याच्या डोळ्यांत होती. अमक्याच्या घरचा कोंबडा पळत नाही, ही त्याची वंशावळ.

याच असीलांतले काही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोचले. तिथे त्यांच्यापासून रुंद छातीची एक जात घडली. तिला आधी 'इंडियन गेम' म्हणत, पुढे 'कॉर्निश' म्हणू लागले. झुंजीत ती फारशी कामाची ठरली नाही, पण छातीवर मांस भरपूर. विसाव्या शतकात अमेरिकेत कॉर्निश नर आणि प्लिमथ रॉक माद्या यांच्या संकरातून आजचा पांढरा ब्रॉयलर उभा राहिला. पाटनच्या बसस्टँडवर जाळीच्या पिंजऱ्यात चाळीसेक दिवसांची, स्वतःच्या वजनाने बसून गेलेली पांढरी कोंबडी विकायला असते, तिच्या अंगात कुठेतरी लखनौच्या आखाड्यातलं रक्त आहे. आपल्याकडून गेलं ते आखाड्याचा ताठा घेऊन गेलं. परत आलं तेव्हा किलोवर विकायला आलं.

आता काळ्या कोंबडीकडे येते. कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळंच काळं असलेल्या कोंबड्या जगात मोजक्याच आहेत. चीनमधल्या मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख तेराव्या शतकात मार्को पोलोने केला. ती आजची सिल्की. इंडोनेशियात अयाम चेमानी आहे. आपल्याकडे झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यात भिल्ल-भिलाल्यांच्या घरी कडकनाथ आहे. तिथलं तिचं जुनं नाव कालामासी, म्हणजे काळ्या मांसाची. तिचे तीन प्रकार मानतात : पूर्ण काळी, पांढरट रेघांची आणि सोनेरी झाक असलेली. पिसांचा रंग बदलला तरी आतलं काळेपण तेच राहतं.

चार्ल्स डार्विनने 1868 साली पाळीव प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोंबड्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यासाठी त्याला माहिती पुरवणाऱ्यांत वर सांगितलेला टेगेटमायर होता आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथही होता. त्या प्रकरणात भारतातल्या एका विचित्र कोंबडीची नोंद आहे : पांढरी, जणू काजळी फासलेली, कातडी आणि हाडांवरचं आवरण काळं. पण हा काळेपणा फक्त माद्यांत दिसतो, असं डार्विन सांगतो. असं का, हे त्या काळात कळण्यासारखं नव्हतं.

उत्तर मिळालं 1911 मध्ये. केंब्रिजचे विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांचे उलटसुलट संकर केले. लेगहॉर्न कोंबडी आणि सिल्की कोंबडा अशी जोडी लावली तर मुली काळ्या निघाल्या, मुलगे जवळजवळ गोरे. जोडी उलटी लावली तर मुलगे आणि मुली दोघेही फिकट. यामागचं गणित सोपं करून सांगायचं तर असं : काळेपणा आणणारा एक घटक आहे आणि त्याला दाबून टाकणारा दुसरा. दाबणारा घटक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांत ते गुणसूत्र आईकडून फक्त मुलग्यांना मिळतं, मुलींना ते बापाकडून येतं. म्हणून गोऱ्या आईचा दाबणारा घटक मुलग्यांकडे जातो, आणि काळ्या बापाच्या मुली निर्धास्त काळ्या होतात. भारतातल्या त्या 'काजळी' कोंबड्या बहुधा अशाच कुणा काळ्या बापाच्या मुली असाव्यात, असा माझा तर्क आहे.

शंभर वर्षांनी, 2011 साली, काळेपणाचा तो पहिला घटकही नेमका सापडला. एका गुणसूत्राचा तुकडा फार पूर्वी कधीतरी दुप्पट होऊन उलटसुलट जोडला गेला आणि त्यामुळे रंगपेशी अंगभर पसरल्या. गंमत म्हणजे जगातल्या निरनिराळ्या काळ्या कोंबड्यांत, नंतर तपासलेल्या आपल्या कडकनाथमध्येही, तीच एक उलथापालथ दिसते. म्हणजे ही घटना एकदाच घडली. पुढे व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या, पायी चालणाऱ्यांच्या टोपल्यांतून ती गावोगावी गेली. एका अर्थाने झाबुआची कालामासी आणि मार्को पोलोने ऐकलेली चिनी कोंबडी या दूरच्या बहिणी आहेत.

हे सगळं मी वाचलं ते मेळ्यानंतर. आधी वाचलं असतं तर फसले नसते. 2018 च्या डिसेंबरात एका फिरत्या विक्रेत्याकडून मी बारा पिल्लं घेतली होती. झाबुआची, अस्सल, असं त्याने सांगितलं होतं. नऊ जगली. मोठी झाली तेव्हा सगळी काळी होती. एक डौलदार कोंबडा ठेवला, पाच तलंगा ठेवल्या. 2019 च्या पावसाळ्यात त्यांच्या अंड्यांतून तेवीस पिल्लं निघाली. त्यातली सहा वेगळी होती. पाय निळसर, पण कातडी गोरी, आणि तुरा फुटला तो लाल. आधी मला वाटलं, शेजारचा कोंबडा कुंपणावरून आला असेल. मग वाटलं, उन्हात काळी होतील. खरं कारण असं होतं की, माझ्या काळ्या कोंबड्याच्या आणि काळ्या कोंबड्यांच्याही अंगात काळेपणाचा एकेकच हिस्सा होता. दुसरा हिस्सा कुठल्यातरी साध्या गावठी आजीचा. अशा जोडीची चौथा हिस्सा संतती गोरी निघते. तेवीसांत सहा म्हणजे बेटसन-पनेटच्या हिशेबाला अगदी धरून. इतिहासाच्या मास्तरणीला गणिताने पकडलं.

तो काळच फसवणुकीला सोयीचा होता. 2018 च्या जुलैअखेर झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. अर्ज झाबुआतल्या एका ग्रामविकास संस्थेने 2012 सालीच केला होता. निकालाच्या आधी काही महिने छत्तीसगडने दंतेवाड्याच्या नावाने आपलाही दावा पुढे केला आणि कोंबडी कोणत्या राज्याची यावर वर्तमानपत्रांत चांगलीच जुंपली. त्या बातम्यांनीच माझ्यासारख्या पुष्कळांना ही कोंबडी पहिल्यांदा कळली. औषधी मांस, कमी चरबी, पन्नास रुपयांचं अंडं, अशा जाहिराती सुरू झाल्या. भाव चढला की माल कमी पडतो, आणि माल कमी पडला की काळ्या बापाच्या काळ्या मुली अस्सल म्हणून विकल्या जातात. त्यांना बघून ओळखणं कठीण.

महाराष्ट्रात तर याचं मोठं प्रकरण झालं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना पिल्लं द्यायची, अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने परत घ्यायच्या, असे करार केले. हजारो लोकांनी पैसे गुंतवले. 2019 मध्ये कंपनीने हात वर केले. लोकांच्या दारात काळ्या कोंबड्या उरल्या. त्यांना रोज खाद्य लागत होतं आणि घेणारा कोणी नव्हता. माझ्या मावसबहिणीच्या सासरी कऱ्हाडजवळ अशा दोनशे होत्या. तिने फोनवर विचारलं, "अगं, तू तर हौसेने पाळतेस ना, घेऊन जातेस का?" मी बर्नहॅमची गोष्ट तेव्हा वाचलेली नव्हती. आज वाटतं, बॉस्टनपासून इस्लामपूरपर्यंत माणूस तोच आहे. फरक एवढाच की बॉस्टनच्या हौशी लोकांचे गेले ते हौसेचे पैसे. इथे शेतकऱ्यांनी कर्ज काढलं होतं.

झाबुआच्या बाजूनेही हिशेब सरळ नाही. मानांकनामुळे तिथल्या संगोपन केंद्रांना आणि सहकारी गटांना चार पैसे मिळाले, नावाला संरक्षण मिळालं. महेंद्रसिंह धोनीने आपल्या रांचीच्या शेतासाठी दोन हजार पिल्लांची मागणी नोंदवली, त्याचीही मोठी बातमी झाली. पण 2021 च्या जानेवारीत तिथल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला आणि ती पाठवणी अडली. एकाच ठिकाणी दाटीने पाळलेला वंश किती नाजूक असतो, हे महाराष्ट्राने त्याआधीच पाहिलं होतं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. रोग मोठ्या व्यापारी फार्मांमध्ये होता, पण नियमाप्रमाणे आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. आणि नवापूरचा तो आदिवासी पट्टा म्हणजे बसरा या देशी कोंबडीचं घर. सरकारी नोंदीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली हीच एक जात, आणि तीही गुजरातबरोबर वाटून. त्या आठवड्यात भरपाईच्या कागदावर सगळ्या नुसत्याच कोंबड्या होत्या.

जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी तिसरीच वाट धरली. तिथल्या पशुवैद्यक विद्यापीठात 'नर्मदानिधी' नावाची कोंबडी तयार झाली आहे. तिच्यात चौथा हिस्सा कडकनाथचा आणि उरलेले तीन हिस्से 'जबलपूर कलर' या तिथेच घडवलेल्या वाणाचे. परसात टिकावी आणि कडकनाथपेक्षा पुष्कळ जास्त अंडी द्यावी, हा हेतू. ही उघडपणे मिश्र आहे, नावानिशी मिश्र आहे. बाबा असते तर त्यांना ती आवडली असती. माझ्या कोंबड्याला 'क्रॉस' ठरवणारं शहर क्रॉस घडवण्यासाठीच नावाजलेलं आहे, याचं मला सुरुवातीला हसू आलं. नंतर कळलं, यात विसंगती नाही. मिश्र असणं हा दोष नाही. मिश्र असून अस्सल म्हणून विकणं हा दोष.

राहिला प्रश्न, मी काय करायचं. प्रदर्शनाच्या पुस्तकाचं उत्तर स्वच्छ आहे : ती सहा गोरी काढून टाक, बापही काढून टाक, नवा कोंबडा आण. मेळ्याहून आल्यावर मी तेच ठरवलं. आमच्या मागच्या गल्लीत एक गोंड काकी राहतात. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षं मोठ्या. कोंबड्यांचं मला जे कळतं त्यातलं निम्मं त्यांचं. रात्री कोंबडी शिंकली तर काय करायचं, मानमोडीची लस कधी टोचून घ्यायची, मुंगसाची वाट कशी बुजवायची, सगळं त्यांनीच शिकवलं. ती सहा घेऊन जा, असं मी त्यांना म्हटलं.

काकींनी एकेकीला हातात घेऊन पाहिलं. पोटाखाली बोटं घातली. मग म्हणाल्या, "बिन्ना, इन्हें काय निकार रईं? सेहें को?"

'सेहें को', म्हणजे उबवणार कोण. मी गप्प बसले, कारण उत्तर मला ठाऊक होतं. कडकनाथची कोंबडी वर्षाला शंभरच्या आसपास अंडी देते, पण अंड्यांवर बसायचा तिला फारसा नाद नाही. खुडूक झालीच तरी चार दिवसांत उठून जाते. माझी ती तेवीस पिल्लंसुद्धा काकींच्या दोन गावठी कोंबड्यांच्या पोटाखाली निघाली होती. यंत्र नसलेल्या घरात काळी कोंबडी अशीच टिकते. अंडी तिची असतात आणि एकवीस दिवसांची ऊब दुसरीची. झाबुआच्या पाड्यांवरही विजेवरची यंत्रं येईपर्यंत दुसरा उपाय नव्हता. शुद्ध वंशाच्या प्रत्येक पिढीमागे एक गावठी कोंबडी बसलेली आहे. तिच्यासाठी मानकांच्या पुस्तकात रकाना नाही, आणि मानांकनाच्या अर्जात तिचं नाव येण्याचा प्रश्नच नाही. खुराड्यापाशी बसून पिल्लं मोजणाऱ्या बायकांचंही तसंच. डार्विनने टेगेटमायरचे, ब्लाइथचे आभार मानले. ब्लाइथला कोंबड्या दाखवणाऱ्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. मीही वर्षानुवर्षं वर्गात राजांचे वंश फळ्यावर लिहून घेतले आणि कोणी कोणाला वाढवलं हे कधी विचारलं नाही.

मी कोंबडा काढला. त्याला मी काळ्या कोंबड्यांचा बाप ठेवू शकत नव्हते, ते खोटं झालं असतं. काकींच्या भाच्याने तो नेला, 'क्रॉस' म्हणून, क्रॉसच्या भावात. पाच माद्यांची अंडी घरात खाल्ली. ती सहा गोरी मात्र ठेवली. त्यात चार तलंगा होत्या. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. पुढच्या वर्षी, रोगाची साथ ओसरल्यावर, एका ओळखीच्या पशुवैद्यांमार्फत खात्रीच्या ठिकाणची चौदा अंडी मागवली. ती आली त्या दिवशी गोऱ्या चौघींतली एक खुडूक होऊन खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसली होती. तिच्याखाली सगळी ठेवली. जागची हलली नाही. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची की परत. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली, निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे असलेली. ती त्यांना घेऊन मटाराच्या वाळल्या वेलांत उकरायला जाऊ लागली. लाल तुऱ्याची गोरी आई आणि मागे काळी रांग.

त्या पिल्लांची जीभ मी मोठेपणी तपासली. काळी होती, मुळापर्यंत. त्यातला एक कोंबडा पुढच्या मेळ्यात नेता आला असता. अजून नेलेला नाही. नेला तर फॉर्म भरावा लागेल, आणि फॉर्मवर बाप आणि आई असे दोनच रकाने असतात.

घरच्या वहीत मी तिसरा आखला आहे. बाबांच्याच जुन्या वहीची कोरी पानं वापरते. पहिल्या रकान्यात बाप, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात 'कोणाखाली उबवली'. काकींकडून विचारून मागच्या तेवीस पिल्लांचंही त्यात लिहून घेतलं. त्यांना त्या दोन्ही कोंबड्या नीट आठवत होत्या. एक लंगडी, दुसरी भुरी.